मेहनत : एका शब्दाचे दोन इतिहास

१

मराठीत ‘मेहनत’ हा शब्द दोन ठिकाणी नांदतो. तालमीतला वस्ताद पोराला ‘मेहनत कर’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात जोर, बैठका, जोडी फिरवणे, हौदा खणणे असते. फडातला मुकादम मजुराला ‘मेहनत कर’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात कोयता चालवणे आणि उसाची मोळी डोक्यावर घेऊन गाडीला लावलेली शिडी चढणे असते. घाम दोघांच्याही अंगातून निघतो आणि त्याची चव सारखीच खारट असते. समाज मात्र पहिल्याच्या घामाला शरीरसंपदा म्हणतो, आणि दुसऱ्याच्या घामाला अंगमेहनत म्हणून बाजारात सर्वांत कमी मोल देतो.

हा भेद मला कोणत्याही ग्रंथाने दाखवला नाही. तो माझ्या आईच्या कंबरेने दाखवला. माझ्या आईने बावीस हंगाम ऊस तोडला. आता तिचे गुडघे गेले आहेत, कंबर धरते आणि रक्तदाब वाढलेला आहे. दोन वर्षांपूर्वी मी तिला तालुक्याच्या गावी एका डॉक्टरांकडे नेले. डॉक्टर वाईट नव्हते. त्यांनी नीट तपासले आणि शेवटी सांगितले, “मावशी, स्नायू अशक्त झालेत. रोज अर्धा तास व्यायाम करा, चाला, आणि हा प्रोटीनचा डबा घ्या.” बाहेर आल्यावर आई माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, “आन् मी काय आजवर बसून व्हते का रे?”

या प्रश्नाला माझ्याजवळ त्या दिवशी उत्तर नव्हते. मी इतिहास शिकवतो. घरातला पहिला पदवीधर असल्यामुळे घरच्यांची अशी समजूत आहे की मला सगळे ठाऊक असते. ज्या बाईने बावीस वर्षे पहाटेपासून अंधार पडेपर्यंत शरीर चालवले, तिला व्यायाम कमी पडला असे शास्त्र म्हणते काय? म्हणत असेल तर ते शास्त्र खोटे की आपण त्याला विचारलेला प्रश्न अपुरा? प्रस्तुत लेख म्हणजे आईच्या त्या प्रश्नाला उशिराने दिलेले उत्तर आहे.

२

आपल्या परंपरेने व्यायामाचा विचार केला नाही असे नाही. चरक, सुश्रुत, वाग्भट या तिघांच्याही संहितांत व्यायामाची चर्चा आहे. परंतु तिच्यातील अटी बारकाईने पाहण्यासारख्या आहेत. व्यायाम बलवान माणसाने आणि स्निग्ध अन्न, म्हणजे तूप-दूध-तेल, खाणाऱ्याने करावा. तो आपल्या शक्तीच्या अर्ध्यापर्यंतच करावा. कपाळावर, नाकावर, काखेत घाम आला, तोंड कोरडे पडू लागले, की अर्धी शक्ती संपली असे समजून थांबावे. त्यापुढे गेल्यास खोकला, ताप, क्षय, रक्तस्राव यांसारखे विकार जडतात असा इशाराही या ग्रंथांनी दिला आहे.

वैद्यकाच्या दृष्टीने हा सल्ला शहाणपणाचा आहे. परंतु तो कोणाला उद्देशून होता? ज्याच्या ताटात तूप आहे आणि ज्याला थकल्यावर थांबण्याची मुभा आहे, त्यालाच तो पाळता येतो. गावकुसाबाहेरच्या माणसाने अर्धी शक्ती संपल्यावर ‘आता थांबतो’ म्हटले असते तर काय झाले असते, हे सांगायला संहितेची गरज नाही. व्यायामाने बळ आणि अतिश्रमाने रोग हा नियम या समाजाला ठाऊक होता. बळ कोणी मिळवायचे आणि रोग कोणी वाहायचे, याची वाटणी चातुर्वर्ण्याने केली.

तालमीचा इतिहासही याच तीन पायांवर उभा आहे : कसरत, खुराक आणि विसावा. पैलवानाचा खुराक म्हणजे दूध, तूप, बदाम, थंडाई. आजच्या भाषेत बोलायचे तर हाच त्या काळचा पूरक आहार. मेहनतीनंतर अंगाला माती चोळून पडून राहणे आणि दुपारची झोप घेणे हा त्याच्या दिनक्रमाचाच भाग. हे सर्व पोसायला राजाश्रय लागे. छत्रपती शाहू महाराजांच्या कोल्हापुरात तो मिळाला. १९१२ साली पुरे झालेले खासबागेचे मैदान आजही त्याची साक्ष देते. ज्या राजाने १९०२ साली मागासवर्गीयांसाठी नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखल्या, त्यानेच कुस्तीला मोठे केले हे लक्षात ठेवले पाहिजे. शरीर आणि शिक्षण या दोन्ही गोष्टी वरच्यांच्या मिरासदारीतून बाहेर काढण्याचा तो एकच प्रयत्न होता.

त्याच्याही आधी पुण्यात वस्ताद लहुजी साळवे यांची तालीम होती. मातंग समाजातील या वस्तादाच्या हाताखाली जोतीराव फुले दांडपट्टा शिकले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसाने माळ्याच्या मुलाला शस्त्रविद्या शिकवावी आणि पुढे त्या मुलाने अस्पृश्यांसाठी शाळा काढाव्यात, त्या शाळांना वस्तादाने पाठबळ द्यावे, ही घटना आपल्या सामाजिक इतिहासात जितकी ठळकपणे मांडली जायला हवी होती तितकी मांडली गेली नाही. तालीम ही जागा मुळात बंडाची होऊ शकते हे लहुजींनी दाखवले. पुढच्या काळात शहरोशहरी ज्या व्यायामशाळा निघाल्या त्यांनी राष्ट्र बलवान करण्याची भाषा केली. राष्ट्राच्या कोणत्या अंगाला आधी जेवू घालायचे हा प्रश्न मात्र त्यांच्या हौद्यात फारसा उतरला नाही.

३

आता गावकुसाच्या दुसऱ्या बाजूला येऊ. महार वतनाचे वर्णन करताना त्याच्या मोबदल्याचीच चर्चा अधिक होते. पण त्या वतनाचा शरीराशी असलेला संबंध मला अधिक भयंकर वाटतो. येसकराच्या कामाला वेळ नव्हती. सरकारी टपाल पोहोचवणे, पाहुण्याच्या घोड्यापुढे धावणे, लाकडे फोडणे, मेलेले जनावर ओढणे, कोणत्याही प्रहरी हाक आली की उठणे. म्हणजे श्रम होते, पण श्रमाला शेवट नव्हता. १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात वतन सुधारणेचे विधेयक मांडले तेव्हा प्रश्न केवळ बलुत्याचा नव्हता. माणसाच्या चोवीस तासांवर कोणाची मालकी, हा होता. ही वतने कायद्याने संपायला १९५८ साल उजाडावे लागले.

आणि खुराक? भाकरीचे तुकडे, उष्टे, आणि मेलेल्या जनावराचे मांस. ते मांस एका दिवसात संपत नसे. त्याच्या पट्ट्या कापून उन्हात वाळवत आणि त्या चान्या पावसाळ्यात भाकरीसोबत खात. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ सालच्या पुस्तकात मराठवाड्यातील महार-मांगांच्या या खाद्यजीवनाची नोंद करून ठेवली आहे, आणि ती प्रत्येक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात असायला हवी. पोषणाच्या हिशेबाने पाहिले तर ज्या पोटाला डाळ आणि दूध नाकारले गेले, त्याला प्रथिने मिळण्याचा तो एक मोठा मार्ग होता.

म्हणूनच मार्च १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी मृत मांस सोडण्याचे आवाहन केले त्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. त्यांनी मांस सोडायला सांगितले नाही, मेलेल्या जनावराचे मांस सोडायला सांगितले. त्या मांसासोबत येणारी लाचारी, ते ओढण्याची सक्ती आणि त्यावरून लावलेला कलंक, हे सोडायला सांगितले. आपल्या आज्या-आजोबांनी उपाशी पोटी तो निर्णय पाळला. स्वाभिमानासाठी ताटातला घास बाजूला सारणारा समाज हा इतिहासात दुर्मीळ असतो. त्या सुटलेल्या घासाच्या जागी दुसरा घास देण्याची जबाबदारी ज्या समाजाची होती, त्याने ती उचलली नाही.

दलितांना कसरत, खुराक आणि विसावा या तीनही गोष्टी एकत्र मिळाल्या असतील तर त्या प्रथम लष्करात. ईस्ट इंडिया कंपनीच्या आणि पुढे ब्रिटिशांच्या मुंबई सैन्यात महार शिपाई होते. तिथे कवायत होती, ठरलेला शिधा होता, ठरलेली सुटी होती आणि मुलांसाठी शाळाही होती. सुभेदार रामजी सकपाळ याच व्यवस्थेतून घडले आणि लष्करी शाळेत शिक्षक झाले. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात ‘लढाऊ जमाती’चा सिद्धांत पुढे करून महारांची भरती बंद करण्यात आली. लढण्याची ताकद रक्तात असते, काही जातींच्या रक्तात ती नसते, असे त्या सिद्धांताचे म्हणणे. मनुस्मृतीने जे धर्माच्या भाषेत सांगितले, तेच आता युरोपीय वंशशास्त्राच्या भाषेत सांगितले गेले. गोपाळबाबा वलंगकर आणि शिवराम जानबा कांबळे यांनी या बंदीविरुद्ध अर्ज-विनंत्या केल्या. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ साली महारांची पलटण उभी राहिली, युद्ध संपल्यावर ती मोडली गेली, आणि दुसऱ्या महायुद्धात १९४१ साली महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली. गरज असली की रक्त लढाऊ, गरज सरली की ते पुन्हा हलके!

याच काळात पुण्याच्या मैदानावर पाळवणकर बाळू नावाचा एक चर्मकार तरुण खेळपट्टी लोटत होता, रोलर फिरवत होता आणि इंग्रज साहेबांना सरावासाठी तासन्‌तास चेंडू टाकत होता. महिना चार रुपयांच्या या चाकरीतून भारतातला एक श्रेष्ठ डावखुरा गोलंदाज तयार झाला. १९११ सालच्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून अधिक बळी घेतले. त्याच्या बोटांनी फिरवलेला चेंडू हिंदू संघाला चालत होता. चहा मात्र त्याला मातीच्या वेगळ्या भांड्यात, बाहेर दिला जाई. शरीराचे कौशल्य घ्यायचे आणि शरीर दूर ठेवायचे, ही रीत खेळानेही पाळली.

४

जन्माने शरीर ठरते या समजुतीला पहिला शास्त्रीय धक्का दिला तो उंदरांनी. निलगिरीतील कुन्नूर येथे रॉबर्ट मॅक्‌कॅरिसन या लष्करी डॉक्टराची आहारविषयक प्रयोगशाळा होती. हिंदुस्थानच्या वेगवेगळ्या प्रांतांतील लोकांच्या बांध्यात इतका फरक का, असा प्रश्न त्याला पडला. त्याने एकाच वाणाचे, सारख्या वयाचे व वजनाचे उंदीर घेतले, त्यांचे गट केले आणि प्रत्येक गटाला एकेका प्रांताचा आहार दिला. गहू, दूध, लोणी, डाळ, भाज्या असा शीख शेतकऱ्याचा आहार मिळालेले उंदीर सर्वांत धष्टपुष्ट झाले. त्याखालोखाल पठाणी आहाराचे आणि मग मराठी आहाराचे. सडलेल्या तांदळावर, फारसे दूध न मिळता वाढलेले मद्रासी व बंगाली आहाराचे उंदीर तळाला राहिले.

उंदरांना जात नव्हती. वाण एक होता, फक्त ताट वेगळे होते. ज्या सरकारने रक्ताचे कारण सांगून भरती बंद केली, त्याच सरकारच्या प्रयोगशाळेत रक्ताचा सिद्धांत असा पिंजऱ्यात मेला. एक शंका मात्र मला सतावते. तिसऱ्या क्रमांकावर आलेला तो ‘मराठी’ आहार कोणाच्या घरचा? पाटलाच्या की येसकराच्या? प्रांताप्रांतांतील फरक मोजणाऱ्या शास्त्राने एकाच गावातील दोन चुलींमधला फरकही त्याच तराजूत घातला असता, तर सर्वांत लहान उंदीर आमच्याच गल्लीत निघाला असता.

स्वातंत्र्यानंतर ही प्रयोगशाळा हैदराबादला आली आणि १९६९ पासून राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. त्याच सुमारास संयुक्त राष्ट्रांच्या पातळीवर ‘प्रथिनांचे संकट’ जाहीर झाले होते. गरीब देशांतील मुले प्रथिनांच्या अभावी खुरटतात, तेव्हा त्यांना प्रथिनांच्या भुकट्या, प्रथिनयुक्त बिस्किटे पुरवा, असा सूर होता. त्याला आव्हान देणाऱ्यांत सातारा जिल्ह्यातील बुध या गावचे संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे होते. त्यांनी आकडेवारीतून दाखवले की प्रथिनांची तूट ही बहुतेक वेळा भुकेचीच सावली असते. पोटभर अन्न नसले की शरीर आहे ती प्रथिनेही सरपणासारखी जाळते. हैदराबादला डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरीब मुलांना वर्षाहून अधिक काळ गव्हाचे पीठ, साखर आणि तेल यांचा साधा गोड खाऊ रोज दिला. त्यात सुमारे ३१० कॅलरी आणि केवळ ३ ग्रॅम प्रथिने होती. तरीही ही मुले, खाऊ न मिळालेल्या मुलांपेक्षा, उंचीने व वजनाने अधिक वाढली. हा अभ्यास १९७३ साली प्रसिद्ध झाला. महागड्या भुकटीवाचून, साध्या घासाने मुले वाढली.

येथे आणखी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. पुढे सुखात्म्यांनी असाही विचार मांडला की कमी अन्नाशी शरीर काही प्रमाणात जुळवून घेते. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड सेकलर याने तर ‘लहान पण निरोगी’ अशी कल्पना मांडली. गोपालन यांनी तिला कडाडून विरोध केला. खुरटलेले शरीर हे उपासमारीशी केलेला समझोता असतो, आणि त्याची किंमत श्रमशक्तीच्या व बुद्धीच्या रूपाने मोजावी लागते, असे त्यांचे म्हणणे होते. आम्हां दलितांना हा वाद नवा नाही. ‘त्यांना सवय असते’ हे वाक्य आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत. आजही, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील पाच वर्षांखालील सुमारे ३६ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. अनुसूचित जातींत हे प्रमाण ३९ टक्के, आदिवासींत ४१ टक्के आहे. सवयीने कोणी निरोगी होत नाही.

५

आता आईच्या प्रश्नाकडे वळतो. तिने इतके श्रम केले, मग तिला व्यायामाचा लाभ का झाला नाही?

व्यायामाच्या आधुनिक शास्त्राचा आरंभच मुळी कामगारांपासून झाला. लंडनमध्ये जेरी मॉरिस या डॉक्टराने दुमजली बसच्या चालकांची आणि वाहकांची तुलना केली. चालक दिवसभर बसून, वाहक दिवसभर जिने चढत-उतरत. वर्ग एक, नोकरी एक. १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात वाहकांना हृदयविकार चालकांपेक्षा कमी आढळला. हालचाल हृदयाला राखते, हे तेव्हापासून मान्य झाले.

परंतु वाहकाचे काम म्हणजे उसाची मोळी नव्हे. पुढच्या काळात संशोधकांनी कामावरचे श्रम आणि फुरसतीतला व्यायाम वेगवेगळे मोजायला सुरुवात केली. डेन्मार्कमधील कोपनहेगन येथील एक लाखाहून अधिक लोकांचा असा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. फुरसतीत अधिक व्यायाम करणाऱ्यांत हृदयविकार व मृत्यू कमी होते, तर कामावर अधिक जड श्रम करणाऱ्यांत ते अधिक होते. गरिबी, धूम्रपान यांचा हिशेब वजा केल्यावरही हा फरक उरला. या निष्कर्षावर अभ्यासकांत वाद आहे, आणि तो असावा. परंतु त्यामागची कारणमीमांसा पटण्यासारखी आहे. व्यायामात हृदय काही वेळ वेगाने चालते आणि मग त्याला तासन्‌तास शांतता मिळते. जड कामात ते आठ-दहा तास मध्यम वेगाने धावतच राहते, ओझे उचलताना रक्तदाब वर चढतो आणि दिवसभर खाली उतरत नाही. स्नायूंचेही तसेच. ताण पडला की त्यांच्या तंतूंना बारीक इजा होते. त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत, अन्नातून प्रथिने मिळाली आणि झोप मिळाली, तर शरीर ते तंतू अधिक मजबूत विणते. बळ घाम गाळताना येत नाही, ते नंतर निजल्यावर येते.

जिला घास आणि नीज दोन्ही नाहीत तिच्या स्नायूंचे काय होते? इजा होते, आणि वीण होत नाही. आईने बावीस वर्षे फक्त उसवणे केले, विणायला तिला कोणी वेळच दिला नाही. ऊसतोडीत एक दिवस कामाला गैरहजर राहिले की ‘खाडा’ धरून पैसे कापतात. पाळीत खाडा, बाळंतपणात खाडा. विसाव्याला दंड लावणारी ही व्यवस्था बायकांना कुठवर नेते ते २०१९ साली महाराष्ट्राने पाहिले. विधान परिषदेच्या उपसभापतींच्या अध्यक्षतेखालील समितीला बीड जिल्ह्यात पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. विसावा मिळत नाही म्हणून शरीराचा एक अवयवच कमी करायचा! याला कोणत्या संहितेत उपाय आहे?

बाबासाहेबांनी विसाव्याचा प्रश्न फार आधी ओळखला होता. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना त्यांनी बाळंतिणीच्या विश्रांतीचा भार बहुतांशी सरकारने उचलावा असे म्हटले. मजूरमंत्री असताना त्यांच्या पुढाकाराने आलेल्या १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. गांधीवादावर टीका करताना त्यांनी यंत्रांची बाजू घेतली तीही याच कारणासाठी : फुरसतीवाचून संस्कृती नाही, आणि यंत्रावाचून सर्वांना फुरसत नाही. आम्ही त्यांचे हे विचार अर्थशास्त्र म्हणून वाचतो. ते आरोग्यशास्त्रही आहे हे मला आईच्या कंबरेने शिकवले.

६

उरला प्रोटीनचा डबा. पिळदार शरीराचे प्रदर्शन आणि भुकटीचा डबा यांची सोयरीक नवी नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी युजेन सँडो हा जगप्रसिद्ध बलवान पुरुष १९०४-०५ च्या सुमारास हिंदुस्थानातही येऊन गेला. त्याचे नाव प्लाझमॉन नावाच्या दुधातील प्रथिनांच्या भुकटीच्या जाहिरातीत झळकत होते, आणि पुढे त्याने स्वतःच्या नावाचा कोकोही विकला. आजच्या डब्यातील पूड प्रामुख्याने चीज करताना उरणाऱ्या पाण्यापासून बनते. पूर्वी युरोप-अमेरिकेतील दुग्धालये हे पाणी डुकरांना घालीत किंवा ओढ्यात सोडून देत. गाळण्याचे नवे तंत्र आल्यावर त्याच उष्ट्याची पूड झाली आणि ती हजारो रुपयांना विकली जाऊ लागली. माझ्या आजीच्या चान्याही टाकून दिलेल्यातूनच काढलेली प्रथिने होती. एक उष्टे प्रतिष्ठित झाले, एक उष्टे कलंक ठरले. फरक पदार्थात नव्हता, खाणाऱ्यात होता.

ही पूड विष नाही. तिच्या एका मापात साधारण २४-२५ ग्रॅम प्रथिने असतात. तेवढीच चार अंड्यांत किंवा शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत मिळतात. तिने काय होते आणि काय होत नाही याचा उत्तम अभ्यास अमेरिकेतील बोस्टन येथील वृद्धाश्रमात झाला आणि १९९४ साली प्रसिद्ध झाला. सरासरी ८७ वर्षे वयाच्या शंभर अशक्त वृद्धांचे गट केले. काहींना दहा आठवडे वजने उचलण्याचा व्यायाम दिला, काहींना पौष्टिक पेय दिले, काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. व्यायाम करणाऱ्यांची पायांची ताकद दुपटीहून अधिक झाली. नुसते पेय पिणाऱ्यांना बळ आले नाही. हैदराबादच्या मुलांना साध्या खाऊने वाढवले, बोस्टनच्या वृद्धांना पौष्टिक पेयाने वाढवले नाही. या दोन प्रयोगांत विरोध नाही. पूरक आहार रिकाम्या ताटात काम करतो, भरल्या ताटात तो केवळ खर्च असतो. क्वचित अपायही असतो. फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या, १९९४ सालीच प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक निघाला. उलट, रिकाम्या ताटाला लोहाची, फॉलिक ॲसिडची गोळी जीवदान देऊ शकते. या देशातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असताना त्या गोळीला नाक मुरडणे हा पोटभरल्यांचा शहाणपणा आहे.

हे सर्व मी माझ्या विद्यार्थ्यांसाठी लिहितो आहे. आमच्या महाविद्यालयाच्या मैदानावर पहाटे पोलीस भरतीची तयारी करणारी पोरे धावतात. त्यांत वस्तीतली पोरे पुष्कळ असतात. भरती हा त्यांच्यासाठी १९४१ चाच दरवाजा आहे : कवायत, शिधा, पगार आणि मान. त्यांतला एक जण गेल्या वर्षी मैदानातच चक्कर येऊन पडला. चौकशी केली तेव्हा कळले की शिष्यवृत्तीच्या पैशातून त्याने भुकटीचा डबा घेतला होता आणि त्यासाठी खाणावळीचे एक वेळचे जेवण बंद केले होते. सुखात्म्यांनी सांगितलेली गोष्ट माझ्यासमोर जमिनीवर पडलेली होती. पोटात अन्न नसताना घेतलेली महाग प्रथिने शरीराने सरपण म्हणून जाळली. त्यात डब्यावरच्या शब्दांवरही भरवसा ठेवावा अशी स्थिती नाही. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ भुकट्यांपैकी २५ मध्ये प्रथिनांचे प्रमाण लिहिल्याप्रमाणे आढळले नाही. त्याच वर्षी राष्ट्रीय पोषण संस्थेने आपल्या आहारविषयक मार्गदर्शनात शरीर कमावण्यासाठी अशा भुकट्या टाळण्याचा सल्ला दिला.

मी त्या पोराला डबा फेकून दे म्हणालो नाही. त्याने तो आपल्या आयुष्याच्या स्वप्नासाठी घेतला होता. मी त्याला खाणावळीत परत पाठवले. भाकरी-डाळ दोन वेळा, मूठभर शेंगदाणे, परवडतील तेव्हा अंडी, आणि धावण्याच्या दोन दिवसांमध्ये एक दिवस विसावा. विसाव्याच्या दिवशी त्याला अपराधी वाटत असे. “सर, बसून राहिल्यासारखं वाटतं,” तो म्हणाला. त्याला आईवडिलांकडून आलेला हा अपराध आहे. आमच्या घरांत बसलेला माणूस म्हणजे खाडा धरलेला माणूस.

परंतु एकट्या शिक्षकाने एका पोराला खाणावळीत पाठवून हा प्रश्न सुटणार नाही. शाळेत शिजवलेले जेवण मिळावे म्हणून २००१ साली सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला, आणि ते शिजवताना दलित स्वयंपाक्यांना प्राधान्य द्यावे असे २००४ साली त्याच न्यायालयाला सांगावे लागले. महाराष्ट्रात २०२३ च्या अखेरीस शाळेच्या जेवणात आठवड्याला एक अंडे आले, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा सरकारी निधी थांबला. २०१५ साली गोवंशाच्या मांसावर बंदी आली तेव्हा गरिबाच्या ताटातले स्वस्त मांस गेले. एका हाताने घास काढून घ्यायचा आणि दुसऱ्या हाताने डबा विकायचा, ही आजची रीत आहे. आमच्या संघटनांनी आरोग्याचा विचार करायचा तर त्यांच्या मागण्यांची यादी अगदी साधी असेल : शाळेत अंडे, वस्तीत मैदान, फडात भरपगारी सुटी. घास, कसरत, विसावा. महाडच्या सत्याग्रहाच्या काळात समता सैनिक दल उभे राहिले. त्यामागे लहुजींच्या तालमीचीच परंपरा मला दिसते. त्या परंपरेला आता खाणावळही चालवावी लागेल.

आईला मी नंतर समजावून सांगितले. म्हणालो, “तू बसून नव्हतीस, माय. तुला बसू दिलं नाही, म्हणून हे झालं.” तिने थोडा वेळ विचार केला. मग ती भिंतीला टेकून, पाय पसरून बसली.